शाकाहारी खिम्यातले अंडे



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला की तो बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी आज कटलेटवर बोलणार आहे. विषय ऐकून व्याख्यानमालेच्या चालकांच्या चेहऱ्यावर जे हसू उमटले होते, तेच आता तुमच्याही चेहऱ्यावर दिसते आहे. खुशाल हसा. पण या कटलेटापायी एका कारखान्याचे कँटीन दीड दिवस ओस पडले होते, आणि पगाराच्या प्रश्नावरसुद्धा माणसे इतकी दुखावलेली मी फारशी पाहिलेली नाहीत.

प्रसंग अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतला, सन २०१२ च्या श्रावणातला. कारखान्याचे आणि कंत्राटदाराचे नाव सांगत नाही. दोघांशी आमचे पुढे मिटले, आणि मिटलेले उकरून काढण्याची मला हौस नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४६ व्या कलमात अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात कँटीन असावे आणि त्याच्या कारभारात कामगारांचे प्रतिनिधी असावेत, अशी तरतूद होती. (२०२० च्या नव्या संहितेत ही मर्यादा शंभरावर आणली आहे, आणि त्या शंभरांत कंत्राटी कामगारही धरले आहेत.) त्या समितीवर मी होतो. श्रावणापुरते मटण-मासळी बंद ठेवून सोमवारी सोयाबीनच्या खिम्याचे कटलेट द्यावे, असे समितीत ठरले. त्या ठरावावर माझी सही आहे.

कटलेट झकास झाले. पहिले तीन सोमवार माणसे दुसऱ्यांदा रांगेत उभी राहिली. त्यांत बदलापूरहून येणारे एक जुने फिटर होते. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी आषाढीला तीन आठवड्यांची रजा टाकून वारीला जाणारे. आम्ही त्यांना बुवा म्हणत असू. चौथ्या सोमवारी दुसऱ्या पाळीचा एक पोरगा पाणी आणायला मागच्या दाराने भटारखान्यात गेला आणि तीस-तीस अंड्यांचे दोन रिकामे ट्रे पाहून बाहेर आला. पुढचे सांगायला नको. मंगळवारी जेवणाची घंटा झाली, पण ताट कोणी उचलले नाही. जे रोज घरी अंडी खातात तेही बसून राहिले.

बुवा संध्याकाळी माझ्याकडे आले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. म्हणाले, “भाऊ, मला भांडण नको. एवढंच सांगा, तीन सोमवार मी काय खाल्लं?”

मला उत्तर देता आले नाही. मी तणतणत भटारखान्यात गेलो. आचारी रत्नागिरीकडचा, वयस्क माणूस. तो म्हणाला, “अहो, अंडं नाही घातलं तर कढईत नुसता भुगा होतो. मी करू काय?”

हा मनुष्य खोटे बोलत नव्हता. अंडे नाही घातले तर भुगा का होतो, हाच माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय. मी दहावीच्या पुढे शाळेत गेलो नाही. जे सांगणार आहे ते सार्वजनिक वाचनालयात बसून, आणि त्याहून अधिक स्वयंपाक करणाऱ्या माणसांना विचारून शिकलेले आहे.

आधी खरा खिमा पाहू. खाटकाकडून आणलेला खिमा मीठ घालून मळला की हाताला चिकटू लागतो. स्नायूंमध्ये मायोसिन नावाचे प्रथिन असते. ते मिठाच्या पाण्यात विरघळून बाहेर येते, खिम्याच्या कणाकणावर त्याचा लेप बसतो, आणि आच लागताच तो लेप घट्ट होतो. म्हणून शिगेवरचा कबाब अंड्यावाचूनही शिगेला धरून राहतो. मांसाचा सांधा मांसाच्याच अंगात असतो.

सोयाबीनचे तसे नाही. लातूरच्या बाजारपेठेचे नाव तुम्ही ऐकले असेल. मराठवाडा-विदर्भातले सोयाबीन तेलगिरणीत जाते, तेल निघते, आणि उरलेल्या पेंडीत जवळजवळ निम्मे प्रथिन असते. खाण्यायोग्य प्रतीच्या पेंडीचे पीठ करून ते ओलवतात आणि एका लांब नळकांड्यात घालतात. नळकांड्यात मळसूत्र फिरत असते, बाहेरून उष्णता दिलेली असते. आपल्या भागात प्लास्टिकच्या कारखान्यांत ज्यांनी एक्स्ट्रूडरवर पाळ्या काढल्या आहेत त्यांना हे यंत्र समजावून सांगायला नको; गृहिणींनी कुरडयांचा सोऱ्या डोळ्यांसमोर आणावा, मात्र तापलेला आणि प्रचंड दाबाचा. आत पीठ शंभर अंशांच्या बरेच वर तापते. तोंडाशी येताच दाब सुटतो, पाण्याची एकदम वाफ होते आणि पीठ फुलून सच्छिद्र वडी पडते. या प्रवासात प्रथिनाचे धागे एका दिशेने ओढले जातात, एकमेकांत गुंततात आणि तसेच पक्के होतात. दाताखाली मांसासारखे तंतू लागतात ते यामुळे.

पण इथेच ग्यानबाची मेख आहे. प्रथिन एकदा पक्के झाले ते झाले. ही वडी भिजवून, पिळून, तिचा चुरा केला की प्रत्येक कण आतून मजबूत असतो, परंतु शेजारच्या कणाला धरायला त्याच्यापाशी काही उरलेले नसते. ओल्या रेतीची मूठ वळावी तसा प्रकार. शिवाय हा चुरा पाण्याचा अधाशी. मसाल्यातला ओलावा शोषून घेतो आणि कढईत त्या पाण्याची वाफ होऊन कटलेट आतून फोडतो. आचारी म्हणत होता तो भुगा हाच.

आता अंडे काय करते ते पाहा. अंड्याच्या पांढऱ्या भागात शेकडा अठ्ठ्याऐंशीच्या आसपास पाणी आणि दहा-अकरा भाग प्रथिन. हे प्रथिन म्हणजे लोकरीच्या घट्ट गुंडाळलेल्या गुंड्या समजा. कच्च्या अंड्यात त्या सुट्या तरंगत असतात, म्हणून ते वाहते आणि चुऱ्याच्या फटीफटीत शिरते. साठ अंशांच्या पुढे या गुंड्या उलगडू लागतात आणि एकीचा धागा दुसरीत अडकतो. ऐंशीच्या सुमारास सगळे जाळे घट्ट बसते. पाणी जाळ्यात कोंडले जाते, कण जागच्या जागी राहतात. मेण थंड झाल्यावर थिजते आणि पुन्हा तापवले की वितळते. अंड्याचे तसे नाही. म्हणून कटलेट तळताना, गरम असताना आणि डब्यात थंड झाल्यावरही अभंग राहते. पिवळ्या बलकातले लेसिथिन तेल आणि पाणी यांचे जुळवून देते, तो आणखी एक फायदा. खरे सांगायचे तर इतके सोयीचे, इतके स्वस्त आणि टरफलात बंद करून मिळणारे दुसरे साधन शोधून सापडणार नाही. त्या आचाऱ्याला मी दोष देत नाही तो यासाठी.

पण हिशेब करून पाहा. आमच्याकडे सहाशे कटलेटांना साठ अंडी लागत, म्हणजे दहांना एक. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिन धरले तर एका कटलेटाच्या वाट्याला अर्ध्या ग्रॅमहून जरासे अधिक येते. त्याच कटलेटात बारा ग्रॅम कोरडे सोयाबीन, म्हणजे सहा ग्रॅम प्रथिन. विटा सगळ्या सोयाबीनच्या. अंडे हा नुसता सांध्याचा चुना. अंड्यामुळे कामगाराला पोषण मिळते, असे कंत्राटदाराने समितीपुढे सांगितले तेव्हा मी हा हिशेब फळ्यावर लिहून दाखवला. जाता जाता आणखी एक गंमत. तेल काढल्यावरची पेंड फार मोठ्या प्रमाणावर कोंबड्यांच्या खाद्यात जाते. अंड्यावरची कोंबडी दिवसाला शंभर-एकशेदहा ग्रॅम खाद्य खाते, त्यात सतरा-अठरा ग्रॅम प्रथिन असते, आणि अंड्यातून सहा ग्रॅम परत देते. म्हणजे आमच्या कटलेटात सोयाबीन दोन वाटांनी येत होते, एक थेट आणि एक कोंबडीच्या पोटातून.

हा पेच एकट्या अंबरनाथचा नव्हे. इंग्लंडमध्ये रँक होव्हिस मॅक्डूगल आणि आयसीआय या बड्या कंपन्यांनी मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून मांसासारखा पदार्थ तयार केला आणि १९८५ साली तो ‘क्वॉर्न’ या नावाने बाजारात आला. बुरशीचे तंतू जागच्या जागी बांधण्यासाठी त्यांनी कोंबडीच्या अंड्याचा पांढरा भागच वापरला. तिथे ते शाकाहारी म्हणून खपले, कारण तिकडच्या बहुतेक शाकाहाऱ्यांना अंडे चालते. ज्यांना चालत नव्हते त्यांनी तक्रारी केल्या, आणि पुढे कंपनीने बटाट्याच्या प्रथिनाने बांधलेले निराळे प्रकार काढले.

आपल्याकडे कायद्याने रेषा निराळ्या जागी ओढली आहे. वेष्टनावरील खुणांच्या २०११ च्या नियमांत दूध आणि दुधाचे पदार्थ शाकाहारी, अंडे मात्र मांसाहारी. अन्नात अंड्याखेरीज दुसरे काही मांसाहारी नसेल तर तसे वेगळे छापण्याची मुभा आहे, पण हिरवा ठिपका मिळणार नाही. २०२० च्या नियमांनी तपकिरी वर्तुळाऐवजी तपकिरी त्रिकोण आणला, रंग न ओळखणाऱ्यालाही फरक कळावा म्हणून. ही रेषा तर्काला धरून आहे का, यावर पुष्कळ वाद घालता येईल. गांधीजींनी १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले, त्यात या प्रश्नाला हात घातला आहे. ज्या अंड्यातून पिल्लू निपजत नाही ते, दूध पिणाऱ्याने वर्ज्य मानण्याचे कारण नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. मला तर्क पटतो. मी स्वतः अंडी खातो. पण बुवांना मी गांधीजींचा तर्क सांगायला गेलो नाही. त्यांनी मला तर्क विचारलाच नव्हता.

ठिपका पिशवीवर असतो. ताटाला ठिपका नसतो. सोयाबीनच्या पिशवीवर हिरवा ठिपका होता, आणि तो पाहूनच मी समितीत सही केली होती. पिशवी फोडल्यानंतर भटारखान्यात काय मिसळले जाते, याची जबाबदारी मग कोणाची?

अंड्याला पर्याय काय, तर तो पुष्कळ ठिकाणी शोधला गेला आहे. अमेरिकेत गेल्या दहा-पंधरा वर्षांत मटारच्या आणि सोयाबीनच्या प्रथिनाचे जे बर्गर निघाले त्यांत मिथिलसेल्युलोज घालतात. नाव अवघड वाटले तरी वस्तू आपल्या शेजारची आहे. शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना १९५६ साली निघाला. लाकडाच्या लगद्यातला सेल्युलोज कॉस्टिक सोड्यात मुरवायचा, त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया करायची आणि धागा काढायचा, हे उल्हासनगरातल्या कितीतरी घरांना पाठ आहे. त्याच सेल्युलोजवर कॉस्टिकनंतर मिथिल क्लोराइडची क्रिया केली की ही भुकटी तयार होते. तिचा स्वभाव उफराटा: थंड पाण्यात विरघळते आणि गरम झाली की थिजते, पुन्हा थंड झाली की सैल पडते. तव्यावर अंड्याचे काम करते, डब्यात तितकेसे करीत नाही. चिनी बौद्ध मठांतली रीत याहून फार जुनी. आपण कुरडयांसाठी गहू भिजवून चीक ठेवतो आणि चोथा टाकतो. ते कणीक धुऊन पिष्ट काढून टाकतात आणि मागे राहणारे चिवट प्रथिन शिजवून मांसासारखे खातात. आपल्याकडे आता तयार पाकिटेही मिळतात. रितेश आणि जेनेलिया देशमुख यांनी २०२१ साली ‘इमॅजिन मीट्स’ सुरू केले ते अशाच मालाचे. पण आमच्या कँटीनच्या दरात ती पाकिटे बसणारी नव्हती.

पर्याय मिळाला तो पॅकिंग खात्यात. समितीची बैठक चालू असताना ओतूरकडच्या एक बाई मध्येच म्हणाल्या, “दादा, मासवडी फुटते का कधी?”

मासवडी तुमच्यापैकी अनेकांनी खाल्ली असेल. जुन्नर-आंबेगावकडचा पदार्थ. नावात मासा, आकार माशाचा, सोबत झणझणीत रस्सा, आणि आत मासा औषधालाही नाही. उकळत्या फोडणीच्या पाण्यात बेसन वैरून घट्ट पिठले घेरतात, ओल्या फडक्यावर गरम असतानाच थापतात, आत तीळ, खोबरे, कांदा, लसणाचे सारण भरून फडक्यानेच वळतात. निवली की सुरीने सरळ काप पडतात. ही काही एकटीच नव्हे. विदर्भात पाटवडीचा रस्सा मटणाच्या थाटात होतो. उल्हासनगरच्या सिंधी घरांत माशाच्या गाबोळीची नक्कल बेसन आणि खसखस यांची करतात. अंड्यांची नक्कल, आणि तीही अंड्यावाचून! सुरणाचे काप सुरमईसारखे तांदळाच्या पिठात घोळून तळतात. या दिवसांत बदलापूरच्या बाजारात येणारी फणसाची कोवळी कुयरी तर मटणाची बहीणच म्हणायची, जरी प्रथिनाच्या हिशेबी ती गरीब आहे.

बाईंच्या बोलण्यातले मर्म आम्हाला दोन कटलेटांचे घाणे वाया गेल्यावर कळले. प्रथम आम्ही चुऱ्यात कोरडे बेसन मिसळले. कटलेट बाहेरून दगड, आतून कच्चट आणि तरीही भेगाळलेले. कारण उघड आहे: बेसनातले पिष्ट फुगायला आणि प्रथिन बसायला पाणी लागते, आणि सोयाबीनचा अधाशी चुरा ते आधीच पिऊन टाकतो. मासवडीत बेसन पाण्यात आधी पुरते शिजलेले असते. तेव्हा पिठलेच घालायचे. दुसऱ्या खेपेस पिठले सैल आणि ऊन घातले, तर कटलेट कढईत पसरले. तिसऱ्या खेपेस प्रमाण बसले. एक किलो कोरडा चुरा भिजवून घट्ट पिळलेला, त्याला पाव किलो बेसनाचे चमच्याला न सुटणारे पिठले, पूर्ण निववलेले, आणि चार उकडलेले बटाटे. मिश्रण मळून अर्धा तास झाकून ठेवायचे. अंड्याच्या कटलेटाइतके ते हलके होत नाही, हे कबूल केले पाहिजे. पण भुगा होत नाही.

मग कंत्राटदार अंड्याला इतका का चिकटून होता? पैशाचा प्रश्न म्हणावा तर साठ अंड्यांपेक्षा पावणेदोन किलो बेसन त्याला जड नव्हते. उत्तर आचाऱ्याने खाजगीत दिले. वर्षभरापूर्वी भटारखान्यात पाच माणसे होती, आता तीन. साठ अंडी फोडून फेटायला दहा मिनिटे लागतात. पिठले घेरून, निववून, मळून, झाकून ठेवायला पाऊण तास आणि एक माणूस लागतो. त्या कटलेटात कंत्राटदाराने वाचवले ते दोन माणसांचे वेतन होते. बुवांच्या माळेचा प्रश्न भटारखान्यातल्या मजुरीपाशी येऊन पोचला, तेव्हा मला एकदम आपल्या घरी आल्यासारखे वाटले. आम्ही एक माणूस परत घ्यायला लावला. दोन मागितले होते.

इथे वाद संपला असता, पण समितीत दुसरी बाजू उभी राहिली, आणि ती तितकीच खरी होती. आगरी, कोकणी, बौद्ध, मुसलमान असे कितीतरी कामगार म्हणाले, आम्ही आठ तास लोखंड उचलतो. काहींच्या व्रतापायी आमच्या तोंडचे अंडे का काढता? मी त्यांना विचारले, त्या कटलेटात तुम्हाला अंडे मिळत होते तरी किती? फळा अजून पुसलेला नव्हता. एक दशांश. ते खाणाऱ्याला कळत नव्हते, आणि न खाणाऱ्याचा विश्वास मोडत होते. तेव्हा ठरले ते असे: कटलेटात अंडे नाही, उकडलेले अंडे वेगळ्या काउंटरवर, वेगळ्या भांड्यात, बाराही महिने, श्रावणातसुद्धा. या शेवटच्या दोन शब्दांवर अडीच तास चर्चा झाली. बुवा श्रोते म्हणून बसले होते. त्यांनी हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती व्यवस्थापनाच्या प्रतिनिधीने, जो स्वतः बाहेर सर्व काही खात असे.

राज्याच्या पातळीवर याच गोष्टीचे काय झाले ते आपण पाहिलेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरवले, न खाणाऱ्यांना केळे. त्यावर मोठा गदारोळ झाला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचा सरकारी निधी बंद झाला आणि शाळांनी हवे तर लोकवर्गणीतून द्यावीत असे सांगण्यात आले. उघडपणे, पर्याय ठेवून, पोराच्या हातात दिलेले अख्खे अंडे असे अडचणीचे ठरले. सहा ग्रॅम प्रथिन असलेले. आणि आमच्या कटलेटातले चोरटे अर्धा ग्रॅम मात्र तीन आठवडे बिनबोभाट चालले होते.

काउंटरशेजारी आम्ही एक पाटी लावली. रोजच्या प्रत्येक पदार्थात काय काय पडले आहे ते आचाऱ्याने खडूने लिहायचे, तेल कोणते इथपर्यंत. पहिल्या महिन्यात त्याची चिडचिड झाली. पुढे पुढे त्यालाच त्याचा अभिमान वाटू लागला आणि तो अक्षर घोटून लिहू लागला.

बुवांनी कटलेट मात्र वर्षभर घेतले नाही. पाटी वाचायचे आणि वरणभाताच्या रांगेकडे वळायचे. पुढच्या श्रावणात एका सोमवारी ते आत भटारखान्यात गेले. मला काही विचारले नाही. आचाऱ्याने पातेल्यावरचे झाकण काढून त्यांना निवत ठेवलेले पिठले दाखवले. बुवांनी वाकून पाहिले, आणि बाहेर येऊन रांगेत उभे राहिले.